जावईबापू, धैवत कुठे गेला?

सांगलीत वाईट वाजवायची सोय नाही. पुण्यामुंबईत ती भरपूर आहे. तिथं शेजारी फार तर भिंतीवर दोन थापा मारतो आणि झोपतो. सांगलीत शेजारी दार वाजवतो, आत येऊन टेकतो, पाणी मागतो आणि ‘षड्ज जरा उतरलाय’ एवढं सांगून निघून जातो. यात माणसांचा दोष नाही, गावाला सवयच तशी लागली आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हापासून समोर कुणी तोंड उघडलं की सांगलीकर आपोआप मागे रेलून बसतो. आशा भोसले जन्मल्या त्या याच गावात, १९३३ साली. शेजारच्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांनी घर केलं. १९३७ साली ते गेल्यावर तिथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांना जागा मिळाली आणि अजूनही उरुसात त्यांच्या नावानं रात्र-रात्र गाणं चालतं. अशा हवेत माझ्या सासऱ्यांचे कान तयार झाले आहेत. आणि त्याच हवेत, म्हणजे त्यांच्या मागच्या खोलीत, मी दिवाळीच्या सुट्टीत ब्लूज गिटारची मेहनत करायला बसलो.

साताऱ्यात, म्हणजे माझ्या घरी, अडचण वेगळी आहे. साताऱ्यात वाजवायला कुणाची हरकत नसते, फक्त कारण विचारतात. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात एक सुभेदार निवृत्त होऊन बसलेला आहे. माझ्या खांद्यावर गिटारीची काळी पिशवी बघून समोरच्या आप्पांनी विचारलं, “ह्येची काय भरती निघतीया का?” नाही म्हटल्यावर, “मग कशापायी?” याला उत्तर नाही. वयाच्या पन्नाशीकडे झुकलेल्या, भरल्या घरातल्या, बऱ्यापैकी नोकरीतल्या माणसानं मिसिसिपीच्या कापूसशेतातलं दुःख तारेवर का काढावं, हे आप्पांना काय, मलाच नीट सांगता येत नाही.

खरं कारण आळस. शास्त्रीय शिकायचं तर मागचा जन्म त्यात घालवलेला असावा लागतो. सिनेमाची गाणी वाजवायची तर एका बोटानं सहाच्या सहा तारा दाबून धरणारे कॉर्ड येतात आणि मनगट संपावर जातं. ब्लूजला मात्र तीनच कॉर्ड लागतात, असं ऐकलं. ई, ए आणि बी सेव्हन. तीनच! एवढ्यावर बी. बी. किंगनं जग जिंकलं, हेही ऐकलं. पुढे कळलं की बी. बी. किंग स्वतःच सांगत, मला कॉर्ड वाजवता येत नाहीत. म्हणजे निम्मा बी. बी. किंग मी पहिल्याच दिवशी झालो होतो.

ब्लूजची बांधणी कागदावर बघितली तर कुणालाही जमेल अशी आहे. बारा घरं, इंग्रजीत बार. प्रत्येक घरात चार मात्रा. पहिली चार घरं ई, पुढची दोन ए, परत दोन ई. मग नवव्या घरात बी सेव्हन, दहाव्यात ए, अकराव्यात ई, आणि बाराव्यात पुन्हा बी सेव्हन, की आलात पहिल्या घराच्या दारात. हे गोल गोल फिरत राहायचं. माझे तबला वाजवणारे एक मित्र आहेत, त्यांना दाखवलं. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, “बारा चोक अठ्ठेचाळीस. हा विलंबित एकताल झाला की! त्यातल्या बारा मात्राही अशाच चार-चारनं भरतात.” आणि बाराव्या घरातून पहिल्यावर यायची जी युक्ती असते, जिला अमेरिकन लोक टर्नअराउंड म्हणतात, तिला ते सरळ ‘समेवर येणं’ म्हणाले. मला फार बरं वाटलं. मग ते म्हणाले, “फक्त तू समेवर येत नाहीस.”

येणार कसा? वाटेत बी सेव्हन आहे. याची रचना मी जवळून सांगतो, कारण मी तिच्या जवळ बराच काळ राहिलो आहे. तर्जनी चौथ्या तारेवर, पहिल्या पट्टीत. मधलं बोट पाचव्या तारेवर, दुसऱ्या पट्टीत. अनामिका तिसऱ्या तारेवर, तिथंच. करंगळी पहिल्या तारेवर, तिथंच. मधली दुसरी तार मात्र मोकळी वाजली पाहिजे आणि सहावी तार वाजताच कामा नये. एस.टी.च्या दोनजणांच्या सीटवर चौघं बसलेले असतात आणि पाचवा ‘जरा सरका’ म्हणतो, तशी ती बोटांची अवस्था. करंगळी बसवली की अनामिका उठते. अनामिका दाबली की दुसरी तार मुकी होते. सगळ्यांना जागेवर बसवून मी मान वर करतो तेव्हा गाणं दहाव्या घरातून पुढे गेलेलं असतं. बरं, एवढ्या खटाटोपाचं हे कॉर्ड टिकतं किती, तर चार मात्रा. चार बोटांचे प्राण कंठाशी आणून चार मात्रांत ‘उठा’ म्हणायचं, याला माझ्या मते अमेरिकेतसुद्धा कायदेशीर दाद मागता यावी.

कॉर्ड एका बाजूला, पण ब्लूजची खरी गंमत एकेक सूर काढण्यात. त्यासाठी शिकाऊ माणसाला पाच स्वरांचा एक साचा देतात. आपल्या भाषेत षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. हे पाच घेऊन खालीवर फिरायचं, चूक होऊच शकत नाही, असं पडद्यावरचे अमेरिकन मास्तर सांगतात. ते मास्तर सांगलीला आलेले नाहीत. मी मागच्या खोलीत तो साचा वर जाऊन खाली आणतोय, तेवढ्यात सासरे पंचाच्या गाठीला हात लावत दारात उभे.

“भीमपलास!” ते म्हणाले. “वा! आरोह छान आहे. पण जावईबापू, परत येताना धैवत कुठे गेला? ऋषभ कुठे गेला?”

मी म्हटलं, “बाबा, यात ते नसतातच.”

“असं कसं? जाताना पाच, येताना सात. भीमपलास आहे तो. दोन माणसं वाटेत सोडून कसे आलात?”

मी सांगितलं की हा भीमपलास नव्हे, ब्लूज. ते म्हणाले, “बरं, मग धानी म्हणू. धानीत चालतंय.” त्यांनी स्वतःच तडजोड केली म्हणून मी धीर करून ब्लूजचा तो सहावा, चोरटा स्वर लावून दाखवला. तो बसतो मध्यम आणि पंचमाच्या मधे, म्हणजे तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमाला अगदी खेटून. सासऱ्यांनी डोळे मिटले. ही पसंतीची खूण नव्हती. त्यातून खाली ई सेव्हनचं कॉर्ड चालू, त्यात शुद्ध गंधार. आणि वर मी धरून ठेवलेला कोमल गंधार. दोन गंधार एकाच वेळी एकाच खोलीत! “त्यांचं भांडण चाललंय,” सासरे म्हणाले. मी म्हटलं, “तेच ब्लूज.” त्यांनी जरा विचार केला. “जोगात असतात दोन्ही गंधार,” ते म्हणाले, “पण जोगात एक वर जाताना येतो, एक उतरताना. समोरासमोर येत नाहीत.” आणि आत जाऊन सासूबाईंना म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आलं: “पोरगा चांगला आहे. शिकवणारा बरा भेटला नाही.”

दुसऱ्या दिवशी मला मिरजेला नेण्यात आलं. निमित्त होतं माझ्या गिटारीच्या तिसऱ्या तारेचं. ती ‘झंऽऽ’ करत होती. गिटार अमेरिकेतल्या एका जगप्रसिद्ध कंपनीच्या नावात एक अक्षर बदलून नाव ठेवलेली, आणि किमतीत बरीच अक्षरं कमी केलेली. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून तिथं सतारी आणि तानपुरे बनतात; २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर भागातून भोपळे येतात, ते दुकानाच्या माळ्यावर वाळत पडलेले असतात. पाककृतीतल्या भोपळ्याशी यांचा संबंध नाही, हे मी सोबतच्या मेव्हण्याला दोनदा सांगितलं.

कारागीर म्हातारे होते. मांडीवर तानपुरा, हातात कानस, आणि त्या घोडीवर ते इतकं हलकं घासत होते की घासतायत की कुरवाळतायत कळू नये. मग तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवला, तार छेडली, ऐकली, परत दोरा केसभर मागे. मी माझं गाऱ्हाणं मांडलं: तार झणझणते. त्यांनी गिटार घेतली, तिसरी तार वाजवली, कान जवळ नेला.

“जवारी आलीय,” ते म्हणाले. “आम्ही हे आणायला आख्खा दिवस घालवतो. तुमच्यात फुकट आलंय. काढायचंय कशाला?”

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. गिटार आहे तशी परत निघाली. निघताना कारागिरांनी एक सतार पुढे ओढली आणि एका बोटानं तार पडद्यावर आडवी खेचून एकाच जागेवरून चार स्वर वर नेले. मी याच गोष्टीसाठी, म्हणजे तार खेचून एक स्वर चढवायला, अनामिकेची साल काढून घेतली होती. ब्लूजवाले त्याला बेंडिंग म्हणतात, मिरजेत मींड म्हणतात. ते म्हणाले, “तुमच्या लाकडाला पडदे पक्के मारलेत, त्याला काय करणार.” मला वाटतं, एवढ्या मायेनं माझ्या वाजवण्याची बाजू पुन्हा कुणी घेणार नाही.

आता थोडं या दुःखाबद्दल. पडद्यावरचे मास्तर सारखे सांगतात, आतून आलं पाहिजे. आतून काय येणार? गाडीचा हप्ता, वाढलेली साखर (रक्तातली, कारखान्याची वेगळी). ज्यांनी हे गाणं काढलं त्यांचं आत काय होतं, ते एकदा वाचलं की हात जरा सावकाश पडतो. गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं गेली. पण मालकाची जमीन वाट्यानं कसायची, बी-बियाणं, मीठ-पीठ त्याच्याच दुकानातून उधार उचलायचं, आणि वर्षाअखेरीला हिशेब झाला की आपल्याकडेच बाकी निघायची. सातारा-सांगलीत असं कुणी आहे का, असं विचारायचं कारण नाही. दर हंगामात कारखान्याच्या तळावर बीडकडची माणसं उचल घेऊन येतात, पाचटाच्या कोप्या घालतात, पहाटे थंडीत फडात उतरतात आणि पट्टा पडतो तेव्हाही कित्येकांची उचल फिटलेली नसते. ब्लूजचा हक्क त्यांचा. त्यांना गिटार घ्यायला सवड नाही. मी खिडकीत बसून दुःखाचा सराव करतो तेव्हा खालून दोन ट्रेलर जोडलेला उसाचा ट्रॅक्टर जातो. त्यावरचा कर्णा असा फुल्ल सोडलेला असतो की माझे बाराच्या बारा बार त्यात वाहून जातात. मी तोपर्यंत थांबतो. ते बरोबर वाटतं.

ब्लूजमध्ये सैतानाची एक गोष्ट सगळे सांगतात. रॉबर्ट जॉन्सन नावाचा गडी आधी वाईट वाजवायचा. मग म्हणे मध्यरात्री चौरस्त्यावर गेला, सैतानानं त्याची गिटार जुळवून दिली, बदल्यात जीव घेतला. १९३६ आणि ३७ मध्ये मिळून २९ गाणी रेकॉर्ड करून १९३८ साली, सत्ताविसाव्या वर्षी तो गेलाच. मीही साताऱ्यात चौरस्ता शोधून पाहिला. सर्वांत मोठा पोवई नाका. पण तिथं २०२१ पासून ग्रेड सेपरेटर आहे. सैतान वर वाट बघत बसणार आणि मी खालून निघून जाणार. बाकी आपल्याकडे तिकाटण्यावर वस्ती भरपूर असते, पण रीत उलटी. आपण तिथं लिंबू, दहीभात, काळी बाहुली ठेवून मागे न बघता घरी येतो. सैतानाला देऊन टाकायचं आणि सुटायचं. त्याच्याकडून गिटार जुळवून घ्यायची, ही हिंमत मिसिसिपीची.

पण साताऱ्यानं या संगीताशी काहीच संबंध ठेवला नाही, असं कुणी म्हणू नये. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाचा झांझिबारचा पारशी मुलगा शिकायला होता. १९५८ साली त्यानं आणि चार दोस्तांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. हा मुलगा पियानोवर. तेव्हाच्या रॉक अँड रोलमध्ये जी गाणी गाजत होती, त्यातल्या कितीतरी गाण्यांचा सांगाडा हाच, बारा घरांचा. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. म्हणजे हे बारा बार पसरणीचा घाट चढून पाचगणीला मी जन्मायच्या आधीच पोचले होते. घाटाच्या पायथ्याला पसरणी गाव, शाहीर साबळ्यांचं. १९२३ सालचा त्यांचा जन्म तिथला. पायथ्याला शाहीर, माथ्यावर फ्रेडी, आणि मधल्या वळणांवर मी बी सेव्हन शोधतोय. आप्पांना ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, “त्याची भरती झाली म्हणायची.”

बाकी ब्लूजच्या गाण्याची रीत मला सर्वांत आवडते. तक्रार एकदा करायची. तीच तक्रार तशीच दुसऱ्यांदा करायची. आणि तिसऱ्या ओळीत तिला वळण द्यायचं. प्रत्येक ओळीनंतर जागा सोडायची, त्यात गिटारीनं ‘हो ना रे बाबा’ म्हणायचं. पुष्कळ गाणी सकाळी उठण्यापासून सुरू होतात, म्हणून मीही मराठीत एक रचलं:

सकाळी उठून बघतो तर नळ नुसता फुरफुरतो,
अहो, सकाळी उठून बघतो तर नळ नुसता फुरफुरतो,
कोयनेत एकशे पाच टीएमसी, अन् मी चूळ भरायला फिरतो!

याचा पहिला प्रयोग घरातच केला. पहिली ओळ झाली, मी गिटारीसाठी जागा सोडली, आणि त्या जागेत स्वयंपाकघरातून आवाज आला, “मोटर लावा मग.” झालं. गाणं संपलं. दुसरी ओळ म्हणायला तोंड उघडलं तर, “एकदा सांगितलंत ना? ऐकू आलंय.” मराठी संसारात ब्लूज का निपजला नाही, याचं माझ्यापुरतं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. इथं तक्रारीला दुसरी ओळ मिळत नाही. जाब नाहीतर उपाय, यांपैकी एक लगेच अंगावर येतं. आणि दोन्ही नसलं की ‘चालायचंच’ म्हणून गाणं जागेवर मिटवतात. ज्याला दोनदा गाऊन घ्यायचं आहे त्यानं जात्यावर बसावं, नाहीतर मिसिसिपीला जावं. आणि जाती तर आता हॉटेलांच्या दारात शोभेला ठेवतात.

एक अपवाद. पावसाळ्यात सासऱ्यांचा फोन.

आमचे दोन जिल्हे एका पाण्यानं बांधलेत. कोयना साताऱ्यातून येते, कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जाते. १९२९ सालचा हा पूल. त्याच साली तिकडे अमेरिकेत ब्लूजवाल्या चार्ली पॅटननं १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावर गाणं रेकॉर्ड केलं, ते रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना पुरलं, एवढं पाणी. सांगलीत गेजवरचा आकडा लहान पोरालाही पाठ असतो: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ साली तो ५७ च्या वर गेला होता, तेव्हा सासरे-सासूबाई आमच्याकडे साताऱ्यात होते आणि बाबा तासातासाला तोच आकडा भिंतीकडे बघून म्हणत. तेव्हापासून जुलै उजाडला की त्यांचा फोन येतो आणि तो नेहमी असाच असतो:

“पाणी वाढतंय.” मी हं म्हणतो. “अहो, पाणी वाढतंय.” मी हं म्हणतो. “तुमच्याकडनं किती सोडलंय?”

ध्यानात आलं तेव्हा मी फोन कानाला तसाच ठेवून उभा राहिलो. पहिली ओळ, तीच दुसरी, तिसरीला वळण, आणि मधल्या जागेत माझं ‘हं’. सातारा सोडतो, सांगली भोगते, आणि दोघं फोनवर बोलतात. मी त्यावर तीन ओळी बांधल्या, ई-ए-बी सेव्हनमध्ये बसवल्या आणि पुढच्या फोनला स्पीकर लावून, गिटार मांडीवर घेऊन त्यांना ऐकवल्या. शेवटी आयर्विनवर पाणी एकोणचाळीस फुटांवर आलं, असं होतं. नववं घर आलं तेव्हा बी सेव्हन चक्क वाजला. दुसऱ्या तारेसकट.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग सासरे म्हणाले, “आकडा चुकलाय.”

“बाबा, गाणं आहे ते.”

“असू दे. एकोणचाळीसला सांगलीत कोण रडतंय? निदान एक्केचाळीस करा. इशारा तरी ओलांडू दे.”

“एक्केचाळीस चार मात्रांत बसत नाही.”

“पंचेचाळीस?”

“तेही लांब होतं.”

“मग काय बसतंय?”

मी बोटांवर मोजलं. “पन्नास बसतं.”

“मग राहू दे,” सासरे म्हणाले. “नका गाऊ.”